डब्यावरचा रंग सर्वांना सारखाच दिसतो काय?

जामसांवली परिसरात संत्र्यावर किंवा कपाशीवर फवारणी करताना औषध किती जहाल आहे, हे आपण डब्यावरच्या रंगावरून ओळखतो. 1971 च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे टोकावर उभ्या असलेल्या चौकोनाच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो: लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा जहाल, निळा मध्यम, हिरवा सौम्य.

पण काही पुरुषांना जन्मापासून लाल, हिरवा, तपकिरी हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. यास रंगांधत्व म्हणतात. नजर चांगली असते. फक्त डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशींपैकी एक प्रकार नसतो किंवा नीट काम करीत नाही. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मामाला असला तर भाच्यालाही असू शकतो. स्त्रियांत तो क्वचित आढळतो. पुष्कळांना आपला दोष ठाऊकच नसतो, कारण पानाला हिरवे म्हणायचे हे लहानपणीच पाठ झालेले असते.

त्यांच्या डोळ्यांनी डबा कसा दिसतो, हे पाहता येते. संगणकावर व काही मोबाइलमध्ये तशी सोय असते. ती नसल्यास डब्याचा फोटो काढून काळा-पांढरा करावा. (रंगांध माणसाला जग काळे-पांढरे दिसत नाही, निळा-पिवळा त्याला कळतो. तेव्हा ही परीक्षा थोडी कडक आहे. विषाच्या बाबतीत तशीच बरी.) रंग गेल्यावरही अर्थ उरला, तर खूण चांगली.

लाल डबा या परीक्षेत उतरतो, कारण त्यावर कवटी व हाडे असतात. खरी अडचण पिवळ्या व हिरव्याची. दोहोंवर कवटी नाही. वरच्या त्रिकोणात एकावर ‘विष’ व दुसऱ्यावर ‘सावधान’ अशा अर्थाचा शब्द असतो, एवढाच आधार. लेबल मळले किंवा वाचता येत नसले, की तोही गेला.

खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर अशीच अडचण होती. शाकाहारी हिरवा ठिपका व मांसाहारी तपकिरी ठिपका रंगांध माणसाला सारखेच दिसत. 2020 च्या नियमांनी मांसाहारी खूण त्रिकोणी केली.

औषधाच्या डब्यांसाठी तोवर आपणच उपाय करावा. लाल व पिवळ्या डब्यांच्या अंगावर जाड काळी फुली मारावी, आणि गड्याला ‘हिरवा डबा आण’ न म्हणता औषधाचे नाव सांगून ‘बिनफुलीचा आण’ असे सांगावे.