अपघात अकस्मात येत नाही

दादरा म्हटले की मराठी माणसाच्या मनात १९५४ चा पावसाळा जागा होतो. त्या वर्षी २२ जुलै रोजी दादरा आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मोकळे झाले. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसे होती, याचा अभिमान आम्ही महाराष्ट्राबाहेर राहूनही जपत आलो आहोत. परंतु जेथे तेव्हा वारली, कोकणा आणि धोडिया समाजांची शेते होती, तेथे आज कारखान्यांच्या रांगा उभ्या आहेत. करसवलतींच्या ओढीने १९८० नंतरच्या दशकांत येथे उद्योग आले. पॉलिएस्टरचा धागा आणि प्लॅस्टिकच्या वस्तू तयार करणारी यंत्रे येथे रात्रपाळीतही थांबत नाहीत.

त्या यंत्रांवर राबणारे हात कोणाच्या तरी घरचे आहेत. काही आपल्याही घरचे आहेत. म्हणूनच कामाच्या जागेची सुरक्षितता हा विषय केवळ मालकाचा किंवा सरकारी निरीक्षकाचा न मानता कुटुंबाच्या मासिकात मांडावा, असे आम्हांला वाटते.

अपघात घडला की पहिले वाक्य ठरलेले असते : 'तो बेसावध होता.' दुसरे त्याहून सोपे : 'त्याच्या दैवात होते.' या दोन वाक्यांपाशी बहुधा विचार संपतो, आणि तेच यंत्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाच्या हाती जसेच्या तसे सोपविले जाते. माणूस थकतो, पहाटे त्याला डुलकी येते, घरच्या काळजीने त्याचे लक्ष उडते. यांतले काहीच अनपेक्षित नाही. माणूस कधीच चुकणार नाही, या भरवशावर उभारलेली व्यवस्था मुळातच कच्ची होय.

धोका ओळखायचा म्हणजे प्रथम धोका आणि जोखीम यांतील भेद जाणायचा. उघडे फिरते चाक हा धोका. त्यात हात जाण्याचा संभव किती आणि गेल्यास हानी किती, याचा हिशेब म्हणजे जोखीम. धाग्याच्या कारखान्यात तापलेले हीटर आणि वेगाने फिरणाऱ्या चकत्या डोळ्यांना दिसतात. धाग्यावरील तेलाचा धूर आणि यंत्रांचा गोंगाट यांकडे मात्र कोणी धोका म्हणून पाहत नाही. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तो गोंगाट कानांना अपायकारक समजावा. रोज आठ तास ८५ डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाज वर्षानुवर्षे कानी पडला, तर श्रवणशक्ती हळूहळू जाते, आणि अशा रीतीने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

धोका ओळखल्यावर उपायांची एक शिडी तज्ज्ञांनी सांगितली आहे. पहिली पायरी धोकाच काढून टाकण्याची. ते न जमल्यास घातक वस्तूऐवजी कमी घातक वस्तू वापरावी. तिसरी पायरी माणूस आणि धोका यांच्यामध्ये अडसर घालण्याची : चाकावर जाळी, झाकण उघडताच यंत्र बंद पडेल अशी सोय, धूर ओढून नेणारा पंखा. चौथी पायरी कामाच्या शिस्तीची : दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच बंद करून त्यास कुलूप घालावे व किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात असावी. हातमोजे, मास्क आणि शिरस्त्राण यांची पायरी सर्वांत शेवटची. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ही शिडी उलटी धरली जाते. मोजे वाटले की कर्तव्य संपले. वास्तविक फिरत्या यंत्राजवळ हातमोजाच अडकून हात आत ओढला जाण्याची भीती असते!

पहिल्या पायरीचे मोल काय, ते भोपाळने शिकविले. त्या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री तेथील कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे दगावली. हे द्रव्य विक्रीचा माल नव्हता. कीटकनाशक बनविताना मध्येच लागणारा तो पदार्थ होता, आणि तरीही त्याचा प्रचंड साठा टाकीत ठेवलेला होता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्याआधी कित्येक महिने बंद होती. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ सालीच वृत्तपत्रातून या धोक्याची जाणीव दिली होती. संकट अकस्मात आले नाही. ऐकणारे कान मात्र नव्हते.

जो कामगार निदान पळू शकतो, त्याची ही कथा. मग जो अंथरुणावरून उठूही शकत नाही, त्याचे काय? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या कक्षात आग लागली आणि दहा अर्भके गेली. त्यानंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. तरी त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी तेव्हाच्या अहमदनगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आगीने पुन्हा बळी घेतले. जेथे प्राणवायू अधिक, तेथे ठिणगी सहज भडकते. म्हणून आपला रुग्ण जेथे ठेवला आहे, तेथे बाहेर पडण्याचे दार कुलूपबंद आहे काय, आग विझविण्याचे नळकांडे रात्रपाळीच्या परिचारिकेला वापरता येते काय, एकाच विजेच्या बोर्डावर किती उपकरणांचा भार आहे, हे विचारण्यात संकोच कसला? परिचारिकांनाही धोके आहेतच. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण बसविताना ती बोटात शिरते. ती टोपण न घालताच जाड, न भोसकणाऱ्या डब्यात टाकावी.

आपले घर हेही शुश्रूषेचे ठिकाण आहे. वृद्ध सासूबाई मोरीत घसरल्या, की 'जपून चालायला नको का?' असे आपण म्हणतो. तेथेही शिडीची आठवण ठेवावी. ओली फरशी कोरडी करावी, भिंतीला धरण्याचा दांडा बसवावा, रात्रीच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा. उपदेशाआधी एवढे करावे.

अमेरिकेतील एच. डब्ल्यू. हाइनरिख यांनी १९३१ साली असा हिशेब मांडला की, एका गंभीर अपघातामागे त्याच प्रकारचे २९ किरकोळ इजेचे आणि ३०० निव्वळ थोडक्यात टळलेले प्रसंग असतात. हे आकडे पुढील अभ्यासकांना पटले नाहीत. तरी थोडक्यात टळलेला प्रसंग ही सूचना असते, एवढे त्यातून घ्यावेच.

पण ती सूचना देणार कोण? ती प्रथम कळते यंत्रावरच्या माणसाला, आणि बोलण्याची भीतीही त्यालाच सर्वांत अधिक. कंत्राटी कामगाराने जाळी तुटल्याचे सांगितले, तर उद्या त्यालाच कामावर यायला नको म्हणतील! भोपाळनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन कामगाराला धोक्याची माहिती मागण्याचा आणि तो निदर्शनास आणण्याचा हक्क मिळाला. २०२० च्या संहितेनेही तो मान्य केला आहे. हक्क कागदावर आहे, त्याला आवाज मिळायला हवा. आपल्यांतील जे पर्यवेक्षक किंवा व्यवस्थापक आहेत, त्यांनी तक्रार करणाऱ्याला 'कटकट्या' न म्हणता त्याचे आभार मानावेत, ही आमची त्यांना विनंती आहे.

आणि घरच्या मंडळींनी? पाळीला निघणाऱ्याला 'सांभाळून जा' असे आपण रोज म्हणतो. तो परतल्यावर आणखी एक प्रश्न विचारू या : 'आज काय थोडक्यात टळले?' उत्तर मिळाले, तर ते चार भिंतींत न ठेवता कारखान्यापर्यंत पोचवू या. जे आज टळले, ते उद्या टळेलच असे नाही.