अश्रूंविना रडणारे मूल

तान्हे बाळ रडते तेव्हा पहिले काही आठवडे त्याच्या डोळ्यांतून पाणी येत नाही. पुढे अश्रू येऊ लागतात. पण वर्षाचे मूल जोरजोराने रडते आहे आणि गाल मात्र कोरडेच, असे असले तर? १९४९ साली न्यूयॉर्कमधील डॉक्टर कॉनराड रायली, रिचर्ड डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पाच मुलांची माहिती प्रसिद्ध केली. पाचही मुले ज्यू कुटुंबांतील होती. या आनुवंशिक विकाराला आज ‘फॅमिलिअल डिसऑटोनोमिया’ म्हणतात.

आपण न सांगता शरीर किती कामे करते! उभे राहिलो की रक्तदाब सावरला जातो, घास अन्ननलिकेतच जातो, डोळे ओले राहतात. ही कामे स्वायत्त चेतासंस्था सांभाळते. या मुलांत शरीराकडून मेंदूकडे खबर नेणाऱ्या चेतापेशींची वाढच नीट होत नाही. त्यामुळे उभे राहताच रक्तदाब घसरतो, तर मन उत्तेजित झाले की भलताच चढतो. वेदना आणि तापमान कमी जाणवते. बुद्धी मात्र बहुतेकांची शाळेत शिकण्याजोगी असते.

मग जी खबर चेतातंतूंनी द्यायची, ती आईवडिलांना घ्यावी लागते. डोळ्यांत दिवसातून अनेकदा कृत्रिम अश्रूंचे थेंब घालायचे, नाहीतर बुबुळावर जखमा होतात. मूल पडले आणि रडले नाही, तरी हातपाय तपासायचे. हाड मोडलेलेही कळत नाही. गिळायला सर्वात अवघड असते ते साधे पाणी! ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. म्हणून अनेक मुलांच्या पोटात शस्त्रक्रियेने नळी बसवून पाणी व अन्न थेट जठरात देतात. ताणामुळे, कधी वाढदिवसाच्या आनंदानेसुद्धा, उलट्यांचा आणि रक्तदाबाचा तीव्र झटका येतो.

धर्मनिष्ठ ज्यू घरात शनिवारी, म्हणजे शब्बाथला, विजेचे उपकरण चालू करत नाहीत, वाहन चालवत नाहीत. मग नळीतून अन्न देणाऱ्या पंपाचे काय? मध्यरात्री रुग्णालय गाठायचे झाले तर? ज्यू धर्मशास्त्रात याचे उत्तर स्पष्ट आहे. ‘पिकुआख नेफेश’, म्हणजे जीव वाचवणे, हे कर्तव्य जवळजवळ प्रत्येक नियमाच्या वर आहे. योम किप्पूरच्या कडक उपवासातही आजाऱ्याने जिवासाठी खाल्ले तर तो नियमभंग ठरत नाही.

पालक एवढ्यावर थांबले नाहीत. १९५१ मध्ये त्यांनी एकत्र येऊन संस्था काढली. १९७० मध्ये डॉ. फेलिशिया ॲक्सेलरॉड यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात खास उपचार केंद्र सुरू केले. पूर्वी यांतली बरीच मुले बालपणीच दगावत. आज अनेकजण प्रौढ होतात.

२००१ मध्ये दोन संशोधक गटांनी, स्वतंत्रपणे, दोषी जनुक शोधले. ते नवव्या गुणसूत्रावर आहे. त्यातील एका अक्षराच्या बदलामुळे प्रथिनाचा संदेश जुळवताना एक तुकडा गाळला जातो, आणि हे चेतापेशींत सर्वाधिक घडते.

दोष अप्रभावी आहे. एकच सदोष प्रत असलेला वाहक निरोगी असतो. पूर्व युरोपातून आलेल्या अश्कनाझी ज्यूंत सुमारे तीसजणांत एक वाहक असतो. वर्गात हे गणित जरूर करून पाहावे: दोघेही वाहक असण्याची शक्यता १/३० × १/३० = १/९००; त्यांच्या प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता १/४; म्हणजे एकूण ३६०० जन्मांत एक. यात आईचा एकटीचा किंवा बापाचा एकट्याचा ‘दोष’ कुठेच नाही. आता साध्या रक्तचाचणीने वाहक ओळखता येतात.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. हा ‘ज्यूंचा रोग’ नव्हे. आपल्या कोकणातील बेने इस्राएल हेही ज्यूच. पण त्यांचे पूर्वज वेगळे, म्हणून हा बदल त्यांचा वारसा नाही. जनुके धर्म ओळखत नाहीत. पिढ्यानपिढ्या आपसांतच लग्ने करणाऱ्या कोणत्याही गटात एखादा जुना बदल असाच टिकून राहतो. जातीतच सोयरीक जुळवणाऱ्या आपल्या समाजालाही हे लागू आहे.

आणि शिक्षक म्हणून आणखी एक. पडल्यावर न रडणारे मूल दिसले की आपण त्याला ‘शूर’ म्हणतो. शाबासकी देण्याआधी एकदा त्याचा गुडघा पाहावा, असे आम्हाला वाटते.