फायबरची होडी आणि तापलेला पाइप

कोकण किनाऱ्यावरच्या एका बंदरात काही वर्षांपूर्वी मला एक होडी पाहायला बोलावले होते. फायबरची होडी, जेमतेम दोन हंगाम वापरलेली. इंजिनाच्या खोलीत सायलेन्सरचा पाइप ज्या आडव्या भिंतीतून बाहेर पडत होता, तिथे भिंत तपकिरी पडली होती. इंजिन नुकतेच बंद केले होते; बोटाने दाबले तर भिंत किंचित दबत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच जागा टणक लागली. तांडेल म्हणाले, "साहेब, जळालं तर नाही ना? गार झाल्यावर घट्ट होतंय. मग घाबरायचं कशाला?"

प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी मात्र मुळापासून सुरुवात करावी लागली.

आपण ज्याला 'फायबर' म्हणतो, त्यात दोन गोष्टी असतात : काचेचे धागे आणि त्यांना बांधून ठेवणारे रेझिन. कल्पना आपल्याला नवी नाही. कुडाच्या भिंतीत कारव्या असतात आणि वर माती-शेणाचे लिंपण असते. नुसती माती भेगाळते, नुसत्या कारव्या हलतात. दोन्ही मिळून भिंत उभी राहते.

काच ठिसूळ असते, मग तिचा धागा इतका मजबूत कसा? याचे उत्तर इंग्लंडमधील ए. ए. ग्रिफिथ या अभियंत्याने १९२०मध्ये दिले. काच तुटते ती तिच्यातल्या सूक्ष्म चिरांमुळे. धागा जितका बारीक, तितकी मोठी चीर त्यात मावण्याची शक्यता कमी. म्हणूनच केसाहूनही कितीतरी बारीक असा हा धागा वजनाच्या मानाने साध्या पोलादाला मागे टाकतो.

पण धागा ताण सोसतो तो आपल्या लांबीच्या दिशेने. दाब आला की दोऱ्यासारखा वाकू पाहतो. त्या वेळी त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते ते रेझिन. एका धाग्यावरचा भार दुसऱ्याकडे पोचवण्याचे कामही त्याचेच. थोडक्यात, ताकद धाग्याची आणि शिस्त रेझिनची.

फायबर ताकदवान असले तरी पोलादाइतके ताठ नसते. होडीसाठी वापरतात त्या आखूड धाग्यांच्या मॅटचा पत्रा पोलादाच्या साधारण पंचविसाव्या हिश्शाइतकाच ताठ असतो. मात्र पत्र्याची जाडी दुप्पट केली की वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. त्यामुळे जाडी तिपटीच्या आसपास नेली की पोलादाएवढा ताठपणा मिळतो, आणि वजन तरीही निम्म्याहून थोडेच जास्त भरते. शिवाय गंजण्याची भीती नाही. होडीला आणखी काय हवे?

आता उष्णतेकडे वळू. पोलादाच्या तुलनेत फायबरमधून उष्णता सुमारे दोनशेपट कमी वेगाने वाहते. बर्फाच्या पेटीसाठी हा गुण, पण तापलेल्या पाइपाशेजारी हाच दोष. लोखंडी भिंतीत उष्णता पसरून जाते. फायबरमध्ये ती एका जागी साचते. काचेच्या धाग्याला काहीशे अंश सेल्सिअस तापमानाचे फारसे वाटत नाही. पण होडीसाठी वापरले जाणारे साधे पॉलिएस्टर रेझिन साठ ते ऐंशी अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. ते मेणासारखे वितळत नाही, पण धाग्यांवरची त्याची पकड सैल होते. अशा वेळी दाब आला तर धागे वाकतात, थर एकमेकांपासून सुटतात. त्यातच तापल्यावर रेझिन काचेच्या कितीतरी पट प्रसरण पावते. रोजच्या तापण्या-निवण्याने दोघांमधला सांधा कुरतडला जातो आणि त्या फटीत पाणी शिरते.

म्हणून गार झाल्यावर रेझिन पुन्हा टणक झाले, तरी सुटलेले थर पुन्हा जुळत नाहीत. मी तांडेलांच्या हाती एक रुपयाचे नाणे दिले आणि भिंत ठोकायला सांगितले. चांगल्या जागी टणटण आवाज आला. पाइपाभोवती वीतभर घेरात बद्द. ते काही बोलले नाहीत, पण नाणे परत द्यायला विसरले.

पोलाद तुटण्याआधी वाकते, म्हणजे आधी सूचना देते. फायबरची सूचना हळू आवाजात असते : पांढुरका डाग, तपकिरी छटा, बद्द आवाज. ती ऐकली नाही, तर भर समुद्रात भिंत एकदम दगा देते. आणि तापमान तीनशे अंशांच्या पुढे गेले, तर रेझिन विघटित होऊन पेट घेते आणि काळा धूर कोंडतो.

त्या होडीचा खराब भाग कापून काढला. कडा जाडीच्या बारापट लांबीच्या उतारात घासून नवे थर चढवले. एकदम जाड थर देऊ नये; रेझिन घट्ट होताना स्वतःच तापते आणि तडकते. पाइपाला उष्णतारोधक वेष्टन घातले आणि भिंतीपासून मोकळी जागा सोडली.

होडी नंतरही समुद्रावर जात राहिली. तांडेल मात्र दर हंगामाआधी भिंत ठोकून बघतात, त्याच नाण्याने.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)