मुंबईचं विमान अहमदाबादला का उतरतं?

पावसाळ्यात मुंबईला विमानानं येणाऱ्याला वेळापत्रकावर विसंबून चालत नाही. एका जुलैत दुपारी नागपूरहून निघालेलं आमचं विमान दीड तासात मुंबईला पोचायचं होतं. ते आधी अहमदाबादला उतरलं आणि मुंबई गाठेपर्यंत रात्र झाली. त्या दिवशी विमानात दिसलेल्या चिडचिडीचं आणि भीतीचं मूळ उशिरात कमी होतं, काय चाललंय ते न कळण्यात जास्त होतं. म्हणून त्या दिवसाचा हा उलगडा.

खिडकीतून घाटकोपरच्या डोंगरावरची घरं दिसू लागली होती, चाकं खाली आली होती. तेवढ्यात इंजिनांचा आवाज एकदम चढला, पाठ सीटला चिकटली आणि विमान पुन्हा ढगांत शिरलं. शेजारच्या काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. याला 'गो-अराउंड' म्हणतात. उपकरणांच्या आधारे उतरण्याच्या सर्वसाधारण पद्धतीत जमिनीपासून २०० फुटांवर येईपर्यंत वैमानिकाला धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसायलाच हवेत. दिसले नाहीत, तर थेट वर जायचं. याचा सराव वैमानिक सिम्युलेटरवर पुन्हा पुन्हा करतात.

नुसतं दिसूनही भागत नाही. धावपट्टीवर पाणी साचलं असेल तर टायर त्या थरावर तरंगतात आणि ब्रेक नीट लागत नाहीत. पावसात विमान जरा जोरात टेकवतात ते याच कारणानं, टायरनं पाणी कापून जमीन पकडावी म्हणून. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या पुढे निघून गेलं. प्रवासी बचावले, पण ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली आणि देशभरची वेळापत्रकं कोलमडली.

वर गेल्यावर आम्ही घिरट्या घालत राहिलो. अशी एक फेरी साधारण चार मिनिटांची असते. किती फेऱ्या घालायच्या ते इंधन ठरवतं. निघतानाच मुक्कामापर्यंतचं इंधन, थोडं जादा, पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि त्याहून वेगळं ३० मिनिटांचं राखीव इंधन भरलेलं असतं. त्या राखीव इंधनाला हात लागण्याची वेळ आली, तर वैमानिकाला 'मेडे', म्हणजे आणीबाणीचा इशारा, पुकारावा लागतो. ती वेळ येऊ नये म्हणूनच विमान आधीच वळवतात. पर्यायही जरा लांबचा बघावा लागतो. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला खरा, पण मुंबईवर कोसळणारा पाऊस बहुधा तिथंही असतोच.

अहमदाबादला दारं बंद, बाहेर इंधनाच्या गाडीसाठी विमानांची रांग. एका आजोबांनी हवाईसेविकेला विचारलं, "बाळा, मुंबईत पाऊस थांबलाय म्हणे, मग आपण का थांबलोय?" तिला नेमकं सांगता आलं नाही. त्याचं उत्तर मुंबई विमानतळाच्या जमिनीत आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावरून तासाला सुमारे ४६ विमानं चढतात-उतरतात. एक तास वाया गेला, तर तेवढी विमानं आधीच भरलेल्या वेळापत्रकात घुसवायची कुठं? त्यात वैमानिकांच्या ड्युटीच्या तासांना कायद्यानं मर्यादा आहे. ती संपली तर नवे वैमानिक येईपर्यंत विमान हलत नाही, आणि हलूही नये. थकलेल्या माणसानं पावसात विमान उतरवणं कुणाच्याच हिताचं नाही.

अशा उशिराची नुकसानभरपाई मागता येत नाही, कारण खराब हवामान विमान कंपनीच्या हाताबाहेरचं मानलं जातं. पण माहिती देणं पूर्णपणे तिच्या हातात आहे. मुंबईत उतरता आलं नाही तर कुठं जायचं, हे उड्डाणाआधीच कागदावर ठरलेलं असतं. पावसाळ्यात निघतानाच तेवढं मराठीत आणि हिंदीत सांगायला दोन वाक्यं पुरतात. थांबावं लागलं तर कारण सांगावं, पुढची खबर किती वाजता मिळेल तेही सांगावं. प्रवाशांनीही औषधं, पाणी आणि खाऊ हातातल्या पिशवीत ठेवावा. मुंबईहून पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ राखावा. माघारी वळणारा वैमानिक आपलं काम चोख करत असतो. हे आधी सांगितलं असतं, तर त्या काकूंना एवढं घाबरावं लागलं नसतं.