आधी नावं सांगा

ऑपरेशनची पहिली चीर देण्यापूर्वी ओटीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं. सर्जननं, भूलतज्ज्ञानं, सिस्टरनं, नव्यानंच रुजू झालेल्या निवासी डॉक्टरनंसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत एकोणीस बाबी आहेत, त्यातली ही एक. अनेक सर्जनांना ती उगाचची वाटते. रोज एकाच टेबलाशी उभे राहणारे लोक, त्यात ओळखपरेड कसली? पण अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या अभ्यासात असं दिसलं, की सुरुवातीलाच नाव सांगायची आणि काही शंका असेल तर बोलायची संधी मिळालेल्या परिचारिका पुढे काही बिनसलं तर ते बोलून दाखवण्याची शक्यता जास्त असते. एकदा तोंड उघडलं की दुसऱ्यांदा उघडणं सोपं जातं.

ही यादी ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली ते बॉस्टनचे सर्जन अतुल गावंडे. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. शेतकऱ्याच्या घरातून निघून ते अमेरिकेत मूत्ररोगतज्ज्ञ झाले आणि आपल्या आईच्या नावानं उमरखेडला त्यांनी महाविद्यालय उभं केलं. मुलाचं नाव पुढे जगभर झालं ते शस्त्रक्रियेपेक्षा लेखनामुळे आणि या एकपानी कागदामुळे.

कागदाची गरज का पडली? जगात वर्षाला सुमारे २३ कोटी ४० लाख मोठ्या शस्त्रक्रिया होतात, असा अंदाज २००८ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या प्रचंड पसाऱ्यात होणाऱ्या चुका बऱ्याचदा अगदी साध्या असतात. संसर्ग टाळण्यासाठीचं प्रतिजैविक चीर देण्याआधीच्या तासाभरात द्यायचं, हे वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षातला विद्यार्थीही सांगेल. तरी ते कधी दोन तास आधी दिलं जातं, कधी चीर दिल्यावर आठवतं, कधी राहूनच जातं. भूलतज्ज्ञाला वाटतं वॉर्डात दिलं असेल, वॉर्डातल्या सिस्टरला वाटतं ओटीत देतील. ज्ञान सगळ्यांकडे असतं. या घडीला हे काम कोणाचं, हे मात्र ठरलेलं नसतं.

यादी कशी लिहावी हे शिकायला गावंडे बोइंग कंपनीत गेले. तिथले डॅनियल बोरमन वैमानिकांसाठी चेकलिस्ट तयार करत. त्यांचा आग्रह असा, की यादी छोटी हवी, तोंडानं म्हणता यावी आणि नेमकं कुठं थांबायचं ते तिच्यात स्पष्ट असावं. माणसाला सगळं शिकवायला निघालेली यादी कोणी वाचत नाही. म्हणून शस्त्रक्रियेसाठी तीन थांबे ठरले: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण ओटीबाहेर नेण्याआधी. शेवटच्या थांब्यावर मॉप, सुया आणि अवजारं मोजायची. पोटात मॉप राहिल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो; त्या टाळण्याची जागा ही.

मग प्रयोग झाला आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत. सिअ‍ॅटल, टोरांटो, लंडन, ऑकलंड, अम्मान, मनिला, टांझानियातलं इफाकारा आणि दिल्ली. दिल्लीतलं रुग्णालय होतं सेंट स्टीफन्स. एकीकडे अद्ययावत यंत्रं, दुसरीकडे इफाकारासारखं ग्रामीण मिशन रुग्णालय. यादी येण्याआधीच्या ३,७३३ आणि नंतरच्या ३,९५५ रुग्णांची नोंद ठेवली. जानेवारी २००९ मध्ये निकाल आला, तेव्हा वैद्यकविश्वात खळबळ उडाली. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गंभीर गुंतागुंतींचं ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर उतरलं होतं. प्रतिजैविक वेळेवर मिळालेल्या रुग्णांचं प्रमाण ५६ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर गेलं.

या प्रयोगातल्या कर्मचाऱ्यांना नंतर मत विचारलं. वीसेक टक्के लोकांना यादी कटकटीची वाटली. मग पुढचा प्रश्न आला: तुमचं स्वतःचं ऑपरेशन असेल तर? तेव्हा ९३ टक्क्यांना ती हवी होती.

खुद्द गावंड्यांनाही तिचा असाच प्रत्यय आला, आणि तो त्यांनी लपवला नाही. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली गाठ काढताना त्यांच्या हातून शरीरातली सर्वांत मोठी शीर फाटली. रुग्णाच्या पोटात रक्ताचा पूर आला, हृदय थांबलं. पण चीर देण्याआधी यादीनुसार ‘किती रक्त जाऊ शकतं’ हे बोलणं झालं होतं, आणि रक्तपेढीत या रुग्णासाठी रक्त बाजूला काढलेलंच नाही हे तेव्हाच सिस्टरच्या लक्षात आलं होतं. ते काढून ठेवलं गेलं म्हणून रुग्ण वाचला.

इथपर्यंतची गोष्ट यशोगाथेसारखी वाटते. कॅनडानं तिला खीळ घातली. ओंटारिओ प्रांतात ही यादी वापरणं रुग्णालयांना बंधनकारक झालं. तिथल्या १०१ रुग्णालयांमधल्या दोन लाखांहून जास्त शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयांनी स्वतः कळवलेलं पालन जवळपास शंभर टक्के होतं. मृत्यूचं प्रमाण मात्र ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ टक्क्यांवर आलेलं. संख्याशास्त्राच्या हिशेबी हा फरक नसल्यातच जमा.

हे ज्यांना कोड्यासारखं वाटत असेल त्यांनी एखाद्या गर्दीच्या ओटीत दिवस काढून पाहावा. केस संपली, पुढची ट्रॉली दारात आली, चहाचा कप हातात, आणि कोणीतरी एकाच पेनानं सगळ्या चौकटींत टिका मारतंय. कागद भरला, तपासणीला आलेल्यांना दाखवता येईल. मोठ्यानं विचारणं, सगळ्यांनी हातातलं काम थांबवणं आणि ‘सर, थांबा, रक्त आलेलं नाही’ असं सिस्टरनं म्हणणं, यातलं काहीच घडलेलं नसतं. आपल्याकडे ‘सर’ या दोन अक्षरांना ओटीत फार वजन आहे. वीस वर्षांची नोकरी झालेली सिस्टरही सरांना टोकताना दहादा विचार करते, आणि निवासी डॉक्टर तर अकराव्यांदाही गप्प बसतो.

ही गाठ सोडवण्याचं एक उदाहरण गावंड्यांच्याही आधीचं आहे. जॉन्स हॉपकिन्समधले अतिदक्षता तज्ज्ञ पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ साली मोठ्या शिरेत नळी घालण्यासाठी पाच पायऱ्यांची यादी केली. साबणानं हात धुवा, त्वचेवर क्लोरहेक्सिडिन लावा, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीनं झाका, अशा साध्या गोष्टी. यादीत नवीन काही नव्हतं. नवीन होता तो परिचारिकांना मिळालेला अधिकार: डॉक्टरनं पायरी चुकवली तर त्यांनी काम थांबवायचं, आणि व्यवस्थापन त्यांच्या पाठीशी उभं राहणार, हे आधीच जाहीर. पुढे मिशिगन राज्यात शंभराच्या आसपास अतिदक्षता विभागांनी ही पद्धत घेतली. तिथं या नळ्यांमधून होणाऱ्या रक्तसंसर्गाचं मध्यक प्रमाण हजार नळी-दिवसांमागे २.७ होतं, ते तीन महिन्यांत शून्यावर आलं. यादी आणि अधिकार या दोन्हींत जास्त वजनदार काय, असं विचारलं तर प्रस्तुत लेखकाचं मत अधिकाराच्या बाजूनं पडेल.

पण यादी नीट पाळली गेली तरी तिलाही मर्यादा आहे. उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या यादीचा मोठा अभ्यास झाला. दीड लाखाहून जास्त बाळंतपणं त्यात मोजली गेली. निम्म्या केंद्रांत नुसती यादी चिकटवून न थांबता प्रशिक्षित मार्गदर्शक आठ महिन्यांत ४३ वेळा गेले, शेजारी उभं राहून शिकवलं. फरक दिसला. दोन महिन्यांनी त्या केंद्रांत आवश्यक गोष्टींपैकी ७३ टक्के केल्या जात होत्या, इतर केंद्रांत ४२ टक्के. मार्गदर्शकांच्या भेटी थांबल्यावर हे प्रमाण उतरू लागलं. आणि माता-बालकांचे मृत्यू व मातांच्या गंभीर गुंतागुंती एकत्र मोजल्या तेव्हा दोन्हीकडे आकडा पंधरा टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ सारखाच. हात धुतले गेले, रक्तदाब मोजला गेला. पण अडलेल्या बाईला वेळेत मोठ्या रुग्णालयात नेणारी गाडी, रक्त आणि श्वास न घेणाऱ्या बाळाला जगवणारा हात, या गोष्टी यादी आणून देत नाही.

‘बेटर’ या २००७ सालच्या पुस्तकात गावंड्यांनी नांदेडच्या सर्जनांबद्दल लिहिलं आहे. तुटपुंजी साधनं, रुग्णांची न संपणारी रीघ, आणि त्यातून मार्ग काढणारी माणसं. त्याच नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, त्यांत सोळा लहान मुलं. रुग्णसंख्या, मनुष्यबळ, औषधं यांवर चर्चा झाली, मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते दुसरंच दृश्य: एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. कॅमेऱ्यासमोर एकाला खाली मान घालायला लावून रिकामी पदं भरली जात नाहीत. शिवाय दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या एखाद्या सिस्टरला चूक दिसलीच, तर ती वर कळवण्याचं धाडस तिला होईल का? वैमानिक आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात न घाबरता कळवू शकतात, अशी व्यवस्था विमानवाहतुकीत आहे. रुग्णालयांनी तिथून चेकलिस्ट उचलली, ही सोय उचलायची बरीचशी राहिली.

चेकलिस्ट मात्र आपल्याकडेही आली आहे. केंद्र सरकारनं २०१७ साली सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिगृहं आणि बाळंतपणाच्या ओटींसाठी अशा याद्या आहेत. मानांकन घेणाऱ्या खासगी रुग्णालयांतही त्या असतात.

यादीत रुग्णाचंही काम असतं. शस्त्रक्रियेच्या यादीतल्या पहिल्या थांब्यावर उत्तर द्यायचं असतं ते रुग्णानं, कारण तो तेव्हा जागा असतो. नाव काय, कोणतं ऑपरेशन, कोणत्या बाजूचं, संमती दिली आहे का. वॉर्डात, दारात आणि टेबलावर तेच तेच विचारलं की नातेवाईक वैतागतात. ‘फाइलवर लिहिलंय की’ म्हणतात. वैतागायची वेळ खरं तर कोणीच विचारलं नाही तर येते. औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर ती जुन्या कागदांत असेल म्हणून गप्प बसू नये, प्रत्येक नव्या माणसाला सांगावी. आणि डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन असेल तर त्या गुडघ्यावर पेनानं खूण केली आहे का, हे ओटीत जाण्याआधी स्वतःलाच पाहता येतं. खूण नसेल तर सिस्टरना सांगून करून घ्यावी.