दिवा ब्रेकचा, खबर तेलाची

१९६२ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्याने एमजीबी ही दोन आसनी स्पोर्ट्स कार बाजारात आणली. तिच्या ब्रेक पेडलपाशी ब्रेक लाइटचा स्विच शोधायला गेलात तर सापडणार नाही. तो आहे इंजिनखान्यात, ब्रेकच्या पाइपांच्या जोडावर. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधून निघालेल्या तेलाचा दाब या स्विचमधल्या पडद्यावर येतो, पडदा आतले दोन संपर्क जोडतो आणि मागचे लाल दिवे पेटतात. पाय कितीही हलला, पण पाइपात दाब तयार झाला नाही, तर दिवा लागत नाही. या एका रचनेमुळे जुन्या एमजीबीत ब्रेक लाइटचा बिघाड आणि ब्रेकचा बिघाड एकमेकांत असे गुंतलेले असतात, की इलेक्ट्रिशियन आणि मेकॅनिक दोन वेगळी माणसं असली तर दोघेही चुकतात.

ही गाडी १९८० च्या ऑक्टोबरपर्यंत बनत राहिली. पाच लाखांहून जास्त बनल्या आणि त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. आपल्याकडे एमजी म्हटलं की आता २०१९ पासून गुजरातेत हालोलला बनणारी हेक्टर आठवते. तिचं आणि या गाडीचं नातं अष्टकोनी चिन्हापुरतंच आहे. खरं नातं दुसरीकडे आहे. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनाचं घराणं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसीच्या) बी-सीरीजचं, आणि त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं भावंड आपल्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं धावलं. ज्या मिस्त्रींनी ॲम्बेसेडरची इंजिनं खोलली, त्यांना एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर परकं वाटायचं कारण नाही. पुढच्या चाकांवरचे लॉकहीडचे डिस्क ब्रेक तेवढे नवे वाटतील. मागे ओळखीचे ड्रमच आहेत.

ब्रेक लाइट लागत नाही अशी तक्रार आली की सगळे पहिलं बोट ल्यूकसकडे दाखवतात. बर्मिंगहॅमच्या या कंपनीचं विजेचं सामान त्या काळातल्या बहुतेक इंग्रजी गाड्यांत असायचं, आणि दिवे जाण्याच्या ख्यातीमुळे तिच्या संस्थापकाला ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवी विनोदाने मिळाली. विनोद छान आहे, पण मला तो अन्यायाचा वाटतो. साठ वर्षं जुन्या तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढला, तर दोष कारखान्याला किती द्यायचा? उलट ल्यूकसने वायरींना जे रंग ठरवून दिले, त्यांच्यामुळे बिघाड शोधणं सोपं होतं. बॅटरीकडून थेट येणारी तपकिरी. किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी पांढरी. तीच फ्यूजमधून पुढे गेली की हिरवी. ब्रेकच्या स्विचपासून मागच्या दिव्यांपर्यंत जाते ती हिरव्यावर जांभळी रेघ असलेली. काळी म्हणजे अर्थ. एवढं पाठ असलं की नकाशाशिवायही वाट सापडते.

पहिली गोष्ट किल्लीची. या गाडीत ब्रेक लाइटला वीज किल्ली चालू केल्यावरच मिळते. आजच्या बहुतेक गाड्यांत बंद गाडीतही ब्रेक दाबला की दिवे लागतात. त्या सवयीने किल्ली न फिरवता तपासायला बसलं की सगळं ठीक असूनही गाडी बिघडलेली दिसते. किल्ली फिरवूनही दिवा नाही, तर वायपर, इंडिकेटर आणि पेट्रोलचा काटा बघायचा. हे सगळे एकाच हिरव्या फ्यूजवर जगतात. तेही गप्प असतील तर फ्यूज गेलाय, किंवा फ्यूजच्या पट्ट्या गंजल्यात. ३५ अँपियरचा फ्यूज डोळ्यांना धडधाकट दिसतो आणि त्याच्या टोपीखाली वीज अडलेली असते. काढून, पॉलिश पेपरने घासून परत बसवण्याचं काम मिनिटभराचं आहे, पण ते सोडून लोक आधी नवा स्विच मागवतात.

फ्यूज ठीक असेल तर स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडायच्या. दिवे लागले तर दोष स्विचचा किंवा दाबाचा. नाही लागले तर मागच्या बाजूचा. मागची बाजू म्हणजे डिकीतले गोळीच्या आकाराचे जोड, बल्बचे होल्डर आणि अर्थ. अर्थ गेल्यावर हे दिवे जे खेळ करतात ते पाहण्यासारखे असतात. बल्ब एकच, तारा दोन: टेल लाइटची ५ वॉटची आणि ब्रेकची २१ वॉटची. होल्डरची अर्थ तुटली की ब्रेकच्या तारेतून आलेली वीज परतीची वाट शोधत टेल लाइटच्या तारेत उलटी शिरते आणि लाल वायरीवरून पुढे जाते. मग हेडलाइट बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मंद मिणमिणतात. हा प्रकार दिसला तर बाकी काही न बघता सरळ काळी वायर गाठावी.

याहून कपटी बिघाड म्हणजे दिवा लागतो, पण फिका. २१ वॉटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपियर. ही सगळी वीज त्या इवल्या स्विचच्या संपर्कांतून जाते. प्रत्येक वेळी ठिणगी पडते, संपर्क काळे पडतात, त्यांचा रोध वाढतो. वाटेत दोन व्होल्ट हरवले तर बल्बचा प्रकाश सहाव्या हिश्श्याने कमी होत नाही, जवळजवळ निम्म्यावर येतो, कारण बारीक तारेचा प्रकाश व्होल्टेजच्या तिसऱ्या घातापेक्षाही वेगाने घसरतो. म्हणून टेस्ट लॅम्प पेटला एवढ्यावर समाधान मानू नये. मीटर लावावा, बल्ब पेटलेला असताना, स्विचच्या दोन टोकांमध्ये. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर स्विच थकला. संपर्क जळले की आणखी एक लक्षण दिसतं: हलका ब्रेक मारला तर दिवा लागतच नाही, जोरात दाबल्यावरच लागतो. गावातल्या संथ रहदारीत गाडी हळूहळू थांबते आणि मागच्याला काहीच कळत नाही. संपूर्ण बंद दिव्यापेक्षा हे जास्त धोक्याचं, कारण गॅरेजमध्ये जोर लावून तपासताना दिवा हमखास पेटतो.

नवे स्विच मिळतात, पण मालकांमध्ये त्यांची तक्रार जुनीच आहे: टिकत नाहीत. उपाय स्वस्त आहे. मध्ये एक रिले बसवावा. स्विचकडून रिलेच्या गुंडाळीपुरती किरकोळ वीज जाते, साडेतीन अँपियर रिले सोसतो. मूळ रूप बिघडलं म्हणून कुरकुरणाऱ्या शुद्धतावाद्यांकडे मी दुर्लक्ष करतो; मागून धडक बसली की मूळ रूप तसंही उरत नाही. एलईडी बल्बच्या बाबतीत मात्र थोडं थांबावं. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. साध्या बल्बला त्याने फरक पडत नाही, पण आजच्या रिवाजाप्रमाणे बनलेला एलईडी अशा गाडीत उलटा जोडला जातो आणि पेटत नाही.

आता उलटी तक्रार घेऊ: पाय काढला तरी ब्रेक लाइट चालूच. बहुतेक जण स्विच अडकला म्हणून तो बदलतात. कधी ते खरंही असतं. पण स्विच दाबावर चालतो हे लक्षात ठेवलं तर आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पाइपात दाब उरला का? पेडल सोडल्यावर तेल मास्टर सिलिंडरच्या टाकीत परतायला एक बारीक छिद्र असतं. पेडल आणि पिस्टन यांच्यामधल्या दांड्याला थोडी ढील हवी. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि छिद्र झाकलेलं राहतं. अडकलेलं तेल ब्रेकच्या उष्णतेने फुगतं, दाब वाढतो, पॅड डिस्कला आणखी चिकटतात, उष्णता आणखी वाढते. चार-पाच मैलांत गाडी आपोआप ब्रेक मारू लागते. अशा वेळी चालू राहिलेला तो लाल दिवा बिघडलेला नसतो. गाडीत त्या क्षणी खरं बोलणारं तेवढंच काही असतं.

दुहेरी ब्रेक आल्यावर गोष्ट फिरली. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून संघराज्याच्या सुरक्षा नियमाने ब्रेकची यंत्रणा दोन स्वतंत्र भागांत हवी, आणि एक भाग निकामी झाला तर डॅशबोर्डवर दिवा लागायला हवा, असं ठरलं. त्या गाड्यांत ब्रेक लाइटचा स्विच पेडलपाशी आला. तेलाशी त्याचा संबंध संपला असं वाटतं, पण तसं नाही. हा स्विच आटे फिरवून पुढे-मागे करता येतो. दिवा लवकर लागावा म्हणून तो जरा जास्तच पुढे आणला की पेडल त्याच्यावर टेकतं, पूर्ण वर येत नाही, दांड्याची ढील संपते आणि वर सांगितलेलं छिद्र झाकलं जातं. म्हणजे दिव्याच्या दुरुस्तीतून ब्रेक जाम. स्विचला हात लावल्यावर पेडल बोटाने हलवून ढील आहे ना, हे बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

डॅशबोर्डवरच्या त्या धोक्याच्या दिव्यामागे एक छोटा सरकता पिस्टन असतो. दोन्ही भागांत दाब सारखा असला की तो मध्यावर राहतो. एकीकडचा दाब पडला की त्या बाजूला ढकलला जातो आणि दिवा लागतो. एअर काढताना तो हमखास सरकतो, म्हणून ब्रेक उत्तम झाले तरी दिवा विझत नाही. तो मध्यावर आणावा लागतो. याउलट वर्षानुवर्षं उभ्या गाडीत तो गंजून बसतो आणि खरोखर तेल गळालं तरी दिवा पेटत नाही. न पेटणाऱ्या या दिव्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याचा बल्ब आणि पिस्टन दोन्ही तपासलेले असावेत.

पेडल काय सांगतं ते पायाला कळतं. स्पंजासारखं लागलं तर पाइपात हवा. पायाखाली हळूहळू खाली जात राहिलं आणि बाहेर कुठेच गळती नाही, तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले. एमजीबीत ब्रेक आणि क्लचचे मास्टर सिलिंडर एका पत्र्याच्या झाकणाखाली शेजारी बसतात, त्यामुळे गळती वरून दिसत नाही. तेल पेडलवरून ओघळून कार्पेटखाली जातं. पेडलच्या डब्याचा रंग पोपडे येऊन निघालेला दिसला तर तो पुरावाच, कारण ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल रंग खातं. पेडल फार खोल जातं पण दोनदा मारल्यावर वर येतं, तर मागच्या ड्रमचे शू दूर गेलेत. त्यांची ढील हाताने काढावी लागते, ड्रमच्या मागच्या बाजूच्या चौकोनी टोकाने. ते टोक गंजून अडतं आणि चुकीच्या पान्याने घासलं जातं, हा या गाडीचा जुना छळ.

गाडी एका बाजूला ओढते किंवा एकच चाक तापतं, तेव्हा रबरी होजचा संशय घ्यावा. बाहेरून धड दिसणारा जुना होज आतून सुजतो. पेडलचा जोर तेलाला पुढे ढकलतो, पण परत येताना जोर नसल्याने तेल अडकतं. परीक्षा सोपी आहे. चाक जाम असताना कॅलिपरचा निपल उघडायचा. तेलाची पिचकारी उडून चाक मोकळं झालं तर दाब अडकला होता, दोष होजचा किंवा त्याच्या मागचा. निपल उघडूनही चाक हललं नाही तर कॅलिपरचा पिस्टन गंजलाय.

या गंजाचं मूळ ब्रेक ऑइलमध्येच आहे. ते हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ ची उकळ किमान २३० अंश असावी लागते, ३.७ टक्के पाणी मुरलं की प्रमाणित किमान १५५ वर येते. एमजीबीचं वजन सुमारे ९२० किलो. ताशी १०० किलोमीटरवरून थांबताना ब्रेकना जी उष्णता गिळावी लागते तिच्यात साधारण एक लिटर थंड पाण्याला उकळी येईल. घाट उतरताना हे पुन्हा पुन्हा होतं. उकळलेल्या तेलाची वाफ दबते आणि पेडल थेट फरशीला लागतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात महिनोन्महिने झाकून ठेवलेल्या जुन्या गाडीत वापर नसतानाही तेल पाणी पीत राहतं, म्हणून दोन वर्षांनी ते बदलावं, किलोमीटर कितीही कमी झाले असोत. सिलिकॉनचं डॉट ५ पाणी शोषत नाही, रंगही खात नाही, पण त्यात हवेचे बारीक बुडबुडे राहतात आणि पेडल जरा मऊ लागतं. ग्लायकॉलच्या तेलात ते कधीही मिसळू नये. दाबावर चालणारे स्विच त्याने लवकर जातात अशी मालकांची तक्रार आहे. हे खरं असेल तर रिलेनेही फारसा उपयोग होणार नाही, कारण जातो तो पडदा.

सगळं जोडून झाल्यावर गाडी आधी उतार नसलेल्या रिकाम्या रस्त्यावर न्यावी. पाच-सहा मैल हलका ब्रेक मारत चालवून थांबावं आणि चारही चाकांच्या मध्याजवळ हात न लावता, नुसता जवळ नेऊन उष्णता पाहावी. पुढची दोन सारखी आणि मागच्यांपेक्षा गरम असली पाहिजेत. एक वेगळं निघालं तर होजपासून पुन्हा सुरुवात. मग किल्ली चालू ठेवून दुसऱ्या कुणाला मागे उभं करावं आणि पेडल शक्य तितकं हळू, अंगठ्याच्या जोराने दाबत न्यावं. त्या माणसाने पहिला उजेड कधी दिसला ते ओरडून सांगायचं. गाडीचा वेग कमी व्हायला लागेल इतका दाब येण्याच्या आत तो उजेड दिसला नाही, तर स्विच बदलायचा.