लहान अंगाचा कॅमेरा

श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं, कपाटाच्या वरच्या कप्प्यांत, चामड्याच्या पेटींत बंद केलेला एखादा जुना फिल्मचा कॅमेरा पडलेला असतो. लग्नामुंजींत, बारशांत आणि सहलींत त्यानें इमानेंइतबारें चाकरी केलेली असते. आणि पुढें खिशांतल्या टेलिफोनांतच कॅमेरा येऊन बसल्यावर त्याची आठवण कोणास राहिलेली नसते. दिवाळीच्या आवराआवरींत तो हातीं लागला म्हणजे प्रश्न पडतो, कीं ही वस्तु मोडींत द्यावी, शोभेसाठीं मांडून ठेवावी, कीं तिच्यांत पुन्हां फिल्म भरावी? याचें उत्तर देण्यापूर्वीं तें यंत्र मुळांत काय आहे हें समजून घेणें इष्ट होय. त्यासाठीं जपानांतील ऑलिंपस कंपनीच्या ‘ओएम-१’ या कॅमेऱ्याचें उदाहरण सोयीचें आहे. कारण लहान आकार आणि मोठें काम यांचा मेळ कसा घालावा, याचा तो एक उत्तम वस्तुपाठ आहे.

हा कॅमेरा ‘सिंगल लेन्स रिफ्लेक्स’ या जातीचा. साध्या कॅमेऱ्यांत पाहण्याची खिडकी निराळी आणि चित्र घेणारें भिंग निराळें असतें. त्यामुळें डोळ्याला जें दिसतें आणि फिल्मवर जें उमटतें त्यांत थोडा फरक पडतो. वस्तु फार जवळ असली तर चित्रांतील माणसाचें डोकेंही कापलें जाते. रिफ्लेक्स कॅमेऱ्यांत हा दोष नाहीं. भिंगांतून आलेला प्रकाश आंत तिरक्या बसविलेल्या आरशावर पडतो, तेथून वर परावर्तित होऊन धूसर कांचेवर प्रतिमा उमटवितो, आणि त्या कांचेच्या वर असलेला पंचकोनी लोलक ती प्रतिमा सुलट करून डोळ्यापर्यंत पोहोंचवितो. म्हणजे पाहणारा भिंगाच्याच डोळ्यानें पाहत असतो.

कळ दाबतांच मात्र एका क्षणांत बऱ्याच गोष्टी घडतात. भिंगांतील छिद्र ठरविलेल्या मापाइतकें आकुंचन पावतें. आरसा झटकन् वर उचलला जातो. फिल्मपुढचे कापडी पडदे एकामागून एक सरकतात आणि त्यांच्यामधील फटींतून प्रकाश फिल्मवर पडतो. मग आरसा पूर्ववत् खालीं येतो. यांत एक गंमत आहे. ज्या क्षणाचें चित्र निघतें, नेमक्या त्याच क्षणीं आरसा वर गेल्यामुळें कॅमेरा धरणाऱ्यास कांहींच दिसत नाहीं. त्यानें पाहिलेला असतो तो त्याच्या आधींचा क्षण. चित्र हातीं येईपर्यंत त्याला केवळ आपल्या अंदाजावर विसंबून राहावें लागतें.

पस्तीस मिलिमीटर फिल्मवर चालणारा या जातीचा कॅमेरा जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं १९३६ मध्यें ‘किने एक्झाक्टा’ या नांवानें निघाला. पंचकोनी लोलकाची जोड त्याच शहरांतील ‘काँटॅक्स एस्’ या कॅमेऱ्यास १९४९ मध्यें मिळाली. पुढें जपानी कारखानदारांनीं ही विद्या हस्तगत केली, आणि १९५९ सालीं निघालेल्या ‘निकॉन एफ’ कॅमेऱ्यानें तर वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांत आपलें बस्तान बसविलें. गुण होते, पण ओझेंही होतें. त्या काळचे नामांकित रिफ्लेक्स कॅमेरे भिंग आणि प्रकाशमापक यांसह एक किलोग्रॅमहून अधिक भरत. शिवाय आरसा उचलला जातांना मोठा आवाज होई आणि सबंध यंत्राला हिसका बसे. दिवसभर डोंगर चढणाऱ्या माणसाच्या मानेला तो पट्टा कसा काचत असेल, याची कल्पना सहज करतां येईल.

हें ओझें निम्म्यावर आणण्याचा विचार योशिहिसा मायतानी या अभियंत्यानें मनावर घेतला. मायतानी यांचा जन्म १९३३ चा. १९५६ मध्यें ते ऑलिंपस कंपनींत रुजू झाले. ही कंपनी १९१९ मध्यें स्थापन झालेली, आणि तिची मूळ ख्याति सूक्ष्मदर्शक यंत्रांविषयीं. १९५९ मध्यें मायतानी यांनीं ‘पेन’ नांवाचा लहान कॅमेरा रचला. त्यांत एका चित्राच्या जागेंत दोन चित्रें बसत, आणि थोड्या मिळकतीच्या माणसासही तो परवडे. त्यानंतर त्यांनीं पूर्ण आकाराच्या चित्राचा रिफ्लेक्स कॅमेरा हातीं घेतला. १९७२ मध्यें तो ‘एम-१’ या नांवानें बाहेर पडला. परंतु ‘एम’ हें अक्षर आपल्या कॅमेऱ्यांचें आहे, अशी हरकत जर्मनींतील लायका कॅमेऱ्याच्या निर्मात्यांनीं घेतली, आणि मग त्याचें नांव ‘ओएम-१’ असें झालें.

वजन कमी करावयाचें तर पत्रा पातळ करावा, हा झाला सोपा उपाय. पण तसें केल्यास यंत्र दुबळें होतें. मायतानी यांनीं तो मार्ग टाकून भागांच्या जागाच नव्यानें ठरविल्या. पडद्याचा वेग ठरविणारी चकती इतर कॅमेऱ्यांत माथ्यावर असे, आणि तिच्याशीं जोडलेल्या चाकांच्या यंत्रणेमुळें माथा उंच होई. ती यंत्रणा त्यांनीं आरशाच्या कोठडीच्या तळाशीं नेली आणि वेगाचें कडें भिंगाच्या बैठकीभोंवतीं बसविलें. उंची तर वांचलीच, पण आणखी एक सोय झाली: वेग, छिद्र आणि स्पष्टता या तिन्ही गोष्टी डाव्या हाताच्या बोटांनीं भिंगाभोंवतींच बदलतां येऊं लागल्या, आणि उजव्या हाताकडे कळ दाबणें व फिल्म पुढें सरकविणें एवढेंच काम उरलें. डोळा खिडकीवरून न काढतां सर्व कांहीं करतां येतें. आरशाचा हिसका कमी व्हावा म्हणून हवेच्या दाबावर चालणारी लहानशी योजना आंत बसविली. भिंगाविना हा कॅमेरा पांचशें ग्रॅमच्या आसपास भरतो. रुंदी १३६ आणि उंची ८३ मिलिमीटर. एवढ्या लहान अंगांतही पाहण्याची खिडकी प्रशस्त ठेवली आहे. चित्राचा ९७ टक्के भाग तींत दिसतो. घर लहान असावें आणि खिडकी मोठी असावी, तसा हा प्रकार.

वापरणाऱ्यास मुख्यतः दोन मापें सांभाळावीं लागतात. पहिलें माप भिंगाच्या छिद्राचें. त्याचे आंकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात, आणि आंकडा जसा चढतो तसें छिद्र लहान होतें. दुसरें माप पडद्याच्या वेगाचें. एका सेकंदापासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत तें जातें. दोहोंतही एक पायरी सरकलें कीं प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होतो. नळ किती उघडला आणि किती वेळ उघडा ठेवला, यांवर बादली भरणें अवलंबून असतें, तसेंच हें. मोठें छिद्र आणि थोडा वेळ, किंवा लहान छिद्र आणि अधिक वेळ, दोहोंनीं फिल्मवर सारखाच प्रकाश पडतो. पण चित्र सारखें निघत नाहीं. छिद्र लहान असेल तर जवळचें आणि दूरचें दोन्ही रेखीव येतें. मोठें असेल तर चेहरा स्पष्ट आणि मागची भिंत धूसर. वेग अधिक असेल तर धांवणारें मूल जागच्या जागीं थांबलेलें दिसतें. कमी असेल तर त्याचे पाय पुसट होतात. कोणती जोडी घ्यावयाची, हें यंत्र सांगत नाहीं. तें माणसानें ठरवावयाचें असतें, आणि छायाचित्रण शिकणें म्हणजे बव्हंशीं हें ठरविणें शिकणें होय.

प्रकाश किती आहे हें दाखविण्यासाठीं खिडकींत डाव्या बाजूस एक कांटा असतो. तो अधिक आणि उणे या खुणांच्या मध्यें आणला म्हणजे मापें जुळलीं. हा कांटा एका लहान सेलवर चालतो. बाकी सर्व यंत्रणा घड्याळासारखी कमानींवर आणि चाकांवर चालते. सेल मुळींच नसला तरी कॅमेरा बंद पडत नाहीं. म्हणूनच रात्रभर आकाशाकडे कॅमेरा लावून ताऱ्यांचीं चित्रें घेणाऱ्यांना तो प्रिय झाला. परंतु या सेलची एक कथा आहे. तो पाऱ्याचा आणि १.३५ व्होल्टचा असे. पारा विषारी; जपानांतील मिनामाता गांवीं पाऱ्याच्या विषानें जो भयंकर रोग पसरला, तो १९५६ मध्यें उघडकीस आला. त्याच गांवाच्या नांवानें २०१३ मध्यें आंतरराष्ट्रीय करार झाला; पाऱ्याचे सेल तर अनेक देशांतील बाजारांतून त्यापूर्वींच गेले होते. तें योग्यच झालें. परंतु त्यांच्या जागीं १.५ व्होल्टचा साधा सेल घातला, तर कांटा असेल त्याहून अधिक प्रकाश दाखवितो, आणि त्यावर विसंबलें तर चित्रें काळपट येतात. यावर उपाय म्हणजे कमी ऐकूं येणाऱ्यांच्या यंत्रांत वापरतात तो जस्त-हवेचा सेल. त्याचा दाब पाऱ्याच्या सेलच्या जवळपास असतो, मात्र तो फार दिवस टिकत नाहीं.

सेलवांचूनही अडत नाहीं. शंभर वेगाची फिल्म असेल आणि स्वच्छ ऊन असेल, तर छिद्र १६ वर आणि वेग सेकंदाच्या १२५ व्या भागावर ठेवावा; आकाश ढगाळ असेल तर छिद्र ८ पर्यंत उघडावें; गडद सावली असेल तर त्याहूनही मोठें करावें. हा जुना ठोकताळा अजूनही खरा ठरतो.

आतां कपाटांतील कॅमेऱ्याकडे वळण्यास हरकत नाहीं. तो हातीं आल्यावर पहिली सावधगिरी ही, कीं त्याची पाठ एकदम उघडूं नये. आंत जुनी फिल्म असण्याचा संभव असतो. माथ्यावर डावीकडे फिल्म गुंडाळण्याची जी मूठ असते, ती बाणाच्या दिशेनें अलगद फिरवून पाहावी. ती सहज गरगर फिरली तर आंत कांहीं नाहीं; ताण लागला तर फिल्म आहे असें समजावें. अशा वेळीं पुढच्या अंगावरील ‘आर’ अक्षराची खूण असलेली कळ फिरवावी, मूठ सैल लागेपर्यंत फिल्म गुंडाळून घ्यावी, आणि मगच पाठ उघडावी. न धुतलेल्या फिल्मवरील सुप्त प्रतिमा वर्षानुवर्षें टिकूं शकते. काळ्यापांढऱ्या फिल्मवरून तर कित्येक दशकांनींही ओळखूं येण्याजोगे चेहरे निघालेले आहेत. आज घरांत नसलेल्या एखाद्या माणसाची शेवटची छबी त्या लहानशा डबींत असूं शकेल. घाईनें उघडलेली पाठ ती कायमची पुसून टाकील.

कॅमेरा रिकामा असल्याची खात्री झाल्यावर पाठ उघडून वेगवेगळ्या वेगांवर कळ दाबून पाहावी. एक सेकंदाचा वेग सरासरी एक सेकंदच लागला पाहिजे. पडदा रेंगाळला किंवा अडकला, तर आंतील तेल वाळून चिकट झालें आहे असें समजून तें जाणत्या कारागिराकडे द्यावें. पडद्याला आणि आरशाला बोट लावूं नये. खिडकींत काळे डाग किंवा रेघा दिसल्या, तर लोलकाजवळचा मऊ स्पंज कुजून त्यानें लोलकाचा मुलामा खाल्लेला असतो. ओएम-१ चा हा प्रसिद्ध रोग. त्यानें चित्र बिघडत नाहीं, पण पाहणें त्रासाचें होतें. पाठीच्या कडांवरील काळा चिकट थर हाही अशाच कुजलेल्या स्पंजाचा. तो बदलला नाहीं तर फटींतून प्रकाश शिरून चित्रांवर पट्टे उमटतात.

मुंबई आणि कोंकण या भागांत आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे पावसाळ्याची दमट हवा. भिंगाच्या आंत बुरशी धरते आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु पसरतात. यास मोठें कारण ती चामड्याची पेटीच. चामडें ओल धरून ठेवतें. तेव्हां कॅमेरा पेटींतून काढून, घट्ट झांकणाच्या डब्यांत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि त्या पुड्या मधून मधून वाळवाव्या. याहून उत्तम उपाय म्हणजे कॅमेरा वापरीत राहणें. हवा आणि उजेड लागलेल्या भिंगावर बुरशीस सहसा थारा मिळत नाहीं.

फिल्म आणि ती धुण्याचा खर्च आज थोडा नाहीं, ही गोष्ट खरी. एका फिल्मवर छत्तीस चित्रें. त्यांतलें एकही घेतल्याबरोबर पाहतां येत नाहीं आणि पुसतांही येत नाहीं. परंतु या अडचणींतच त्याचा कांहीं गुण सामावलेला आहे. मोजकेंच मिळणार हें ठाऊक असल्यामुळें माणूस कळ दाबण्यापूर्वीं थांबतो, उजेड कोणत्या बाजूनें येतो हें पाहतो, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर खरें हसूं येईपर्यंत वाट पाहतो.

ओएम-१ चें उत्पादन १९८७ मध्यें थांबलें, आणि मायतानी २००९ मध्यें निवर्तले. त्याच नांवाचा नवा अंकीय कॅमेरा २०२२ मध्यें निघाला, तो निराळ्या युगाचा आहे. जुना मात्र अद्याप पुष्कळ घरांत पडून आहे, आणि बहुतेक ठिकाणीं त्याला हवें असतें तें थोडें तेल, नवा स्पंज आणि एक फिल्म. ज्या घरीं तो सांपडेल, तेथें मोडींत देण्याचा विचार करण्यापूर्वीं ती मूठ एकदां अलगद फिरवून पाहावी.